दोन डिग्र्यांमधला अधिक महिना



आपलं रोजचं वाचन सहाव्या अध्यायाच्या शेवटाकडे आलंय. आज श्लोक ३७ ते ४०. अर्जुनाचा प्रश्न आणि भगवंतांच्या उत्तराची सुरुवात. खरं तर हे चिंतन मी काल रात्रीच लिहून ठेवणार होतो, पण साडेनऊला मावसबहिणीचा फोन आला आणि लिहायचं राहून गेलं. आज सकाळी पोथी उघडली तर तिचाच प्रश्न समोर! म्हणून आज थोडं मोठं लिहितोय. चहा घेऊन बसा.

तिची बी.ई. ची शेवटची परीक्षा आता संपत आलीय. कॅम्पसमधून एका कंपनीची ऑफर आहे, जुलैत जॉइनिंग. आणि जर्मनीत मास्टर्सला ॲडमिशन झालीय, ते सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होणार. एपीएसचं सर्टिफिकेट आलंय, ब्लॉक्ड अकाउंटसाठी बाबांची धावपळ चालू आहे, व्हिसा अजून व्हायचाय. परवा कंपनीची मेल आली: तुम्ही नक्की जॉइन होणार ना, कन्फर्म करा.

ती म्हणाली, "दादा, कन्फर्म करून टाकू ना? सगळेच करतात. व्हिसा आला तर सोडून देईन. नाही आला तर निदान घरी तरी बसावं लागणार नाही."

मी लगेच "हो, कर" म्हणू शकलो असतो. "नको करूस" पण म्हणू शकलो असतो. दोन्ही जमलं नाही. "उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवला. कारण हाच प्रश्न ११ वर्षांपूर्वी माझ्यासमोर होता आणि मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं होतं. ते मी इथे कधी लिहिलेलं नाही. आज लिहितो.

आधी अर्जुनाचा प्रश्न पाहू.

सहाव्या अध्यायात भगवंतांनी ध्यान सांगितलं, आसन सांगितलं, मन कसं आवरायचं ते सांगितलं. अर्जुन म्हणाला, हे मन आवरत नाही. त्यावर अभ्यास आणि वैराग्य हा उपाय मिळाला. इथे विषय संपायला हरकत नव्हती. पण अर्जुन आणखी एक प्रश्न विचारतो, आणि मला तो गीतेतला सगळ्यात माणसासारखा प्रश्न वाटतो. समजा एखादा श्रद्धेने निघाला, पण प्रयत्न कमी पडले, मन ढळलं आणि तो मध्येच राहिला, तर त्याचं काय होतं? मागचं सोडलंय, पुढचं मिळालेलं नाही. तो दोन्हीकडून जातो का, तुटलेल्या ढगासारखा?

'छिन्नाभ्र' असा शब्द आहे तिथे. जूनच्या सुरुवातीला पुण्याच्या आकाशात हे प्रत्यक्ष दिसतं. मोठ्या ढगापासून एक तुकडा सुटतो, पुढच्या ढगापर्यंत पोचत नाही, आणि बघता बघता विरून जातो. पाऊस नाही, सावलीही नाही.

त्याच श्लोकात आणखी एक शब्द आहे, 'अप्रतिष्ठ'. आपण मराठीत प्रतिष्ठा म्हणजे मानमरातब समजतो. संस्कृतात तिचा मूळ अर्थ पाय टेकायला जागा. ज्याला पाय टेकायला जागा नाही, तो अप्रतिष्ठ.

आता ही अवस्था योग्यांचीच असते असं नाही. तुमच्यापैकी ज्यांनी एक डिग्री संपवून दुसरीची वाट पाहिलीय, त्यांना ही जागा पक्की ठाऊक असेल. कॉलेजचं ओळखपत्र जमा केलेलं असतं, नवीन मिळालेलं नसतं. होस्टेलची रूम सोडलेली असते. सोसायटीतले काका लिफ्टमध्ये विचारतात, "काय, सध्या काय चालू?" आणि त्या 'सध्या'ला आपल्याकडे काहीच उत्तर नसतं. विद्यार्थी नाही, नोकरदार नाही. छिन्नाभ्र!

२०१५ सालचा माझा उन्हाळा असा होता. मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत. पुण्यात बी.ई. कॉम्प्युटर संपलं होतं, अमेरिकेत एम.एस. ला ॲडमिशन झाली होती, आय-ट्वेंटी आला होता, व्हिसा बाकी होता. डॉलर तेव्हा ६३-६४ रुपयांच्या घरात होता. सेव्हिसची फी २०० डॉलर, व्हिसाची फी १६० डॉलर, प्रत्येक वेळी बाबा आधी कॅल्क्युलेटर काढायचे आणि मग कार्ड. कर्जासाठी घराचे कागद बँकेत होते. घरात कुणी काही बोलत नव्हतं, पण सगळ्यांना एकच भीती होती: व्हिसा नाकारला तर?

त्यासाठी माझ्याकडे एक बॅकअप होता. आदल्या सप्टेंबरमध्ये कॅम्पसमधून मिळालेली ऑफर.

आमच्या कॉलेजात नियम होता, एका विद्यार्थ्याला एकच नोकरी. आणि त्या कंपनीने एक वेटिंग लिस्टही लावली होती. नोटीस बोर्डावर सगळ्यांनी पाहिली होती ती. निवड झालेल्यांपैकी कुणी नाही म्हटलं तर त्या यादीतल्यांना क्रमाने बोलावणार. त्या यादीत पहिलं नाव माझ्या रूममेटचं होतं.

तो मराठवाड्यातला. घरी कोरडवाहू शेती, आणि ती सलग दोन वर्षं पावसाने दगा दिलेली. त्याचे मार्क माझ्यापेक्षा थोडे कमी, पण कोड माझ्यापेक्षा स्वच्छ. इंग्रजीत बोलताना अडखळायचा, मुलाखतीत तेवढ्यावरच मागे पडला असावा. परीक्षा संपल्यावर घरी न जाता तो पुण्यातच एका कॉट बेसिसच्या खोलीत राहिला आणि टेस्टिंगचा क्लास लावला.

जूनमध्ये कंपनीची मेल आली. ३० तारखेपर्यंत कन्फर्म करा, म्हणजे उरलेल्या जागा पुढच्यांना देता येतील. माझी व्हिसाची मुलाखत २ जुलैला होती.

दोन दिवसांचा फरक! त्या दोन दिवसांवर मी खूप विचार केला असं आज सांगायला आवडलं असतं. पण तसं काही झालं नाही. २९ तारखेला रात्री मी लिंक उघडली, 'जॉइन होणार' वर टिक केली आणि लॅपटॉप बंद केला. आतमध्ये कुठेतरी टोचलं. पण माझ्याकडे वाक्य तयार होतं: व्हिसा होऊ दे, मग लगेच कळवतो.

आता एक गंमत सांगतो, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती. त्या वर्षी अधिक आषाढ होता. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. आजी आमच्याकडे राहायला आली होती. घरात रोज दिवा, पुरुषोत्तम मासाची पोथी, आत्याच्या नवऱ्यासाठी ३३ अनारसे, सगळं साग्रसंगीत. त्याच वर्षी पुरीला जगन्नाथाचा नवकलेवर होता, १९९६ नंतर पहिल्यांदा. अधिक आषाढ आला की तिथे देवाच्या मूर्तीचं जुनं लाकडी शरीर जाऊन नवीन घडवलं जातं. आजी टीव्हीवर बघत म्हणाली, "बघ, देवालासुद्धा एक सोडून दुसरं घ्यायला अधिक महिनाच लागतो."

आम्हा इंजिनिअर लोकांना अधिक मासाचं गणित आवडतं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी ११ दिवसांचा फरक साठत जातो. ३२-३३ महिन्यांनी तो जवळजवळ एका महिन्याएवढा होतो, आणि ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत पडत नाही तो महिना अधिक धरतात. दोन घड्याळं पुन्हा जुळवून घेणं, एवढंच. पण आजीची गोष्ट वेगळी होती. ती म्हणायची, बाराही महिन्यांना आपापला देव होता, या तेराव्याला कुणीच घेईना. मलमास म्हणून हिणवायचे. तो रडत विष्णूकडे गेला, तर विष्णूने त्याला स्वतःचंच नाव दिलं, पुरुषोत्तम.

"जे कुणाचंच नसतं ना, ते देवाचं असतं," आजी म्हणाली. "मग तू काय सोडणार या महिन्यात?"

अधिकात काहीतरी नियम धरायचा, काहीतरी सोडायचं, अशी आमच्याकडे पद्धत. मी म्हटलं, "चहा."

आणि खरंच सोडला. महिनाभर चहाचा एक घोट घेतला नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. सोडायला हवं होतं ते मात्र माझ्या मेलबॉक्समध्ये होतं, आणि त्याला मी हात लावला नाही.

२ जुलैला बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत झाली. बाहेर रांगेत दोन तास, आत खिडकीसमोर तीन मिनिटं. विद्यापीठ कुठलं, पैसे कोण देणार, हा विषय का? मग "तुमचा व्हिसा मंजूर." बाहेर आलो तर बाबा फुटपाथवर उभे होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न बोलता रुमाल काढला.

त्या क्षणी माझा बॅकअप संपला होता. म्हणजे त्याची गरज संपली होती. कंपनीचं ट्रेनिंग ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुरू होणार होतं. एक महिना हातात होता. एक मेल, चार ओळी.

मी ती लिहिली नाही.

आधी वाटलं, शिक्का मारलेला पासपोर्ट हातात येऊ दे. तो आला. मग वाटलं, तिकीट होऊ दे. ते झालं. मग वाटलं, आता कन्फर्म करून वर नाही कसं म्हणायचं, कॉलेजला कळलं तर प्लेसमेंटवाले सर काय म्हणतील? मग बॅगा, मसाले, प्रेशर कुकर, दाताची तपासणी. मध्ये एकदा रूममेट घरी जेवायला आला. आईने धोंडे केले होते. जेवता जेवता त्याने विचारलं, "तुझ्या त्या कंपनीचं काय झालं रे? कळवलंस का त्यांना?"

मी म्हटलं, "त्यांचंच अजून काही फायनल नाहीये."

हे सरळ सरळ खोटं होतं. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात, त्याच्या ताटात पुरणाचा धोंडा वाढलेला असताना.

ऑगस्टमध्ये तो मला सोडायला मुंबईच्या विमानतळापर्यंत आला. त्यानेच माझी मोठी बॅग ट्रॉलीवर चढवली. मी गेलो. कंपनीला कधीच उत्तर दिलं नाही. जॉइन न झालेल्यांच्या यादीत माझं नाव लागलं असेल, बस.

आता यावर विचार करू. माझ्या मनात यावर पुष्कळ वकिली झाली आहे. तिन्ही मुद्दे मांडतो, कारण माझ्या बहिणीनेही काल हेच मांडले आणि तुमच्याही मनात आले असतील.

पहिला मुद्दा, कंपन्या तरी कुठे शब्द पाळतात? हे खरं आहे. २०२२-२३ मध्ये कितीतरी फ्रेशर्सची जॉइनिंग महिनोन्महिने लांबली, काहींच्या ऑफरी रद्द झाल्या. तेव्हा त्या मुलांचा विचार कुणी केला? पण मी नीट पाहिलं तर कंपनीने केलेल्या अन्यायाचं उत्तर मी कंपनीला देतच नव्हतो. कंपनीला माझ्या न येण्याने काय फरक पडला? काहीच नाही. फरक पडला असता तो यादीतल्या पुढच्याला. भांडण एकाशी आणि बिल दुसऱ्याच्या नावावर, असा तो प्रकार होता.

दुसरा मुद्दा, भीती. व्हिसा नाकारला असता तर? घर बँकेकडे होतं. भीती खोटी नव्हती आणि तिची मला आजही लाज वाटत नाही. इथे मला गीतेचा आधार वाटतो. अर्जुनाने भीती बोलून दाखवली तेव्हा भगवंतांनी त्याला झिडकारलं नाही, भित्रा म्हटलं नाही. उलट त्याला 'तात' अशी हाक मारली, आपण लेकराला 'बाळा' म्हणतो तशी. मध्येच अडकलेल्याच्या भीतीला गीता हसत नाही. म्हणून २९ जूनच्या रात्रीबद्दल मी स्वतःला पूर्ण दोष देत नाही. त्या रात्रीही मी कंपनीला फोन करून दोन दिवसांची मुदत मागू शकलो असतो, ते सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी धीर झाला असता का, कोण जाणे.

पण २ जुलैनंतर भीती कुठे होती? त्यानंतर उरली ती फक्त अवघडलेपणाची टाळाटाळ. अकरा वर्षं मी या दोन गोष्टी एकाच पिशवीत घालून ठेवल्या होत्या. कुणी विचारलंच तर 'तेव्हा फार टेन्शन होतं' असं म्हणून मी जूनच्या भीतीने जुलैचं वागणं झाकत होतो. आपण बहुतेक वेळा असंच करतो ना? एक खरी अडचण असते, ती संपते, आणि तिचं नाव पुढे कितीतरी दिवस वापरत राहतो.

तिसरा मुद्दा, जागा त्यालाच मिळाली असती कशावरून? माहीत नाही. कदाचित कंपनीने यादी उघडलीच नसती. पण हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. जे माहीत नव्हतं त्याचा फायदा मी स्वतःला दिला. त्याला देता आला असता.

थर्ड इयरला ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना डेडलॉक होण्याच्या चार अटी पाठ केल्या होत्या. १९७१ पासून त्या पुस्तकांत आहेत. त्यातली एक, 'होल्ड अँड वेट'. म्हणजे एखादी प्रोसेस एक रिसोर्स धरून बसते आणि दुसऱ्याची वाट पाहते. परीक्षेत या अटीवर मला पूर्ण मार्क होते. त्या उन्हाळ्यात मीच ती प्रोसेस होतो, हे लक्षात यायला फार वेळ लागला. काटेकोर बोलायचं तर आमचा डेडलॉक नव्हता, कारण चक्र पूर्ण होत नव्हतं. मित्राने माझ्या वाटेचं काहीच अडवलं नव्हतं. याला स्टार्व्हेशन म्हणतात. एक धरून बसतो आणि दुसरा नुसता वाट पाहत राहतो.

आणि याच सहाव्या अध्यायात, दहाव्या श्लोकात, 'अपरिग्रह' हा शब्द येऊन गेलाय. आपण तो वाचला तेव्हा कपाटातले कपडे, गॅजेट्स यांवर बोललो होतो. आज वाटतं, आपल्या पिढीचा मोठा परिग्रह वस्तूंचा नाहीच. आपण शक्यता साठवतो. दोन ऑफरी, तीन ॲडमिशन, चार 'बघू' म्हटलेली माणसं. वस्तू साठवली तर घरात जागा अडते, घरच्यांना दिसते. शक्यता साठवली तर दुसऱ्याच्या घरातली जागा अडते आणि आपल्याला ती दिसतही नाही.

आता भगवंतांचं उत्तर. ४०व्या श्लोकात ते सांगतात की अशा माणसाचा इथेही नाश नाही, पुढेही नाही, कल्याण करणारा कुणीही वाईट गतीला जात नाही. त्या उन्हाळ्यात आजी हा अध्याय वाचायची तेव्हा मी हे ऐकलं होतं, आणि मला ते व्हिसाच्या इन्शुरन्ससारखं वाटलं होतं. चला, काही वाईट होणार नाही!

पण हमी कुणाला आहे ते पाहा. 'कल्याणकृत्' असा शब्द आहे. जो भलं करतो त्याला. मी हमी मागत होतो आणि अट न वाचता खाली टिक करत होतो, जशी आपण प्रत्येक ॲपला करतो तशी.

पुढच्या श्लोकांत भगवंत सांगतात की मध्येच राहिलेल्या माणसाला त्याचा आधीचा अभ्यास पुढे ओढून नेतो. हे उद्या सविस्तर पाहू, पण आज एवढंच: दोन टप्प्यांच्या मधल्या जागेत आपल्याबरोबर डिग्री येत नाही, येतो तो फक्त अभ्यास. म्हणजे सवय. आणि भल्या सवयीसारखी वाईट सवयही येते.

माझ्याबरोबर ती आली. पहिल्याच सेमिस्टरमध्ये मी दोन प्राध्यापकांना त्यांच्या लॅबमध्ये काम करतो म्हणून 'हो' सांगून ठेवलं. एकाचं फंडिंग नक्की झालं की दुसऱ्याला कळवू, असा विचार. तोच जुना विचार, फक्त देश नवीन. दोघांची कॉरिडॉरमध्ये गाठ पडली आणि माझं नाव निघालं. त्यातल्या एकांनी मला बोलावलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "तुला हो म्हणताना मी कुणाला नाही म्हटलं, हे तुला माहीत आहे का?"

मी मान खाली घातली. डोळ्यांसमोर ती लॅब नव्हती. आईचं स्वयंपाकघर होतं.

रूममेटला नोकरी लागायला त्यानंतर जवळजवळ एक वर्ष गेलं. छोट्या कंपनीत, टेस्टिंगमध्ये. पुढे स्वतःच्या जोरावर तो डेव्हलपमेंटमध्ये गेला. आज बंगळुरूला आहे, चांगल्या जागी आहे, गावी विहीर बांधलीय. कधी कधी मन म्हणतं, बघ, त्याचं काही बिघडलं नाही. पण त्याचं बरं झालं ते त्याच्या कष्टाने. त्याची जमा माझ्या खात्यात कशी दाखवायची? आणि ते एक वर्ष त्याने कसं काढलं, हे मी त्याला कधी विचारलंही नव्हतं.

२०२३च्या अधिक श्रावणात विचारलं. आजी तोवर गेली होती. 'तू काय सोडणार' असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून स्वतःलाच विचारलं. त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ३० जूनची मुदत, टिक केलेली लिंक, न लिहिलेली मेल, धोंडे खाताना बोललेलं खोटं.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला माहीत होतं रे. प्लेसमेंटच्या सरांना मी तेव्हाच विचारलं होतं. ते म्हणाले, सगळ्यांनी कन्फर्म केलंय."

"म्हणजे त्या दिवशी जेवताना..."

"हो. माहीत असूनच विचारलं. वाटलं, तू सांगशील."

मग त्याने विषय बदलला. मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगितलं. तो अजूनही माझा मित्र आहे. पण त्या वाक्यानंतर मला कळलं की त्याचं जे नुकसान मी मोजत होतो ते जागेचं होतं, आणि त्याने मोजलेलं वेगळंच होतं. कदाचित जागा नसतीच मिळाली. पण खरं ऐकायला मिळालं असतं. ते देणं पूर्णपणे माझ्या हातात होतं, त्याला ना व्हिसा लागत होता ना कंपनीची परवानगी.

तर मंडळी, बॅकअप ठेवणं पाप आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरी एकाच कमावत्या माणसावर सगळं आहे, त्याला 'विश्वास ठेव आणि सोडून दे' असं सांगणं सोपं असतं, विशेषतः सांगणाऱ्याचं पोट भरलेलं असेल तर. मी स्वतःपुरतं एवढंच ठरवलंय. काही धरून बसलो असेन तर आधी बघायचं की मागे रांगेत कोण उभं आहे. मग ठरवायचं की हे किती तारखेपर्यंत धरणार, आणि ती तारीख कुणालातरी सांगून ठेवायची. आणि कुणी तोंडावर विचारलं तर खरं सांगायचं. पहिल्या दोन गोष्टींत चूक होऊ शकते, परिस्थिती तशी असू शकते. तिसरीत परिस्थितीचा काही संबंध नसतो.

आज सकाळी बहिणीला फोन केला. हे सगळं सांगितलं. म्हटलं, कंपनीला सरळ लिही की माझी पुढच्या शिक्षणाची प्रक्रिया चालू आहे, व्हिसाचा निर्णय अमुक महिन्यापर्यंत अपेक्षित आहे, जॉइनिंग पुढे ढकलता येईल का? कदाचित ते नाही म्हणतील आणि ऑफर काढून घेतील. हा धोका आहे, मी लपवत नाही. तो घ्यायचा की नाही हे तू आणि काका मिळून ठरवा. घ्यायची हिंमत नसेल आणि कन्फर्म केलंस, तर ज्या दिवशी व्हिसा येईल त्याच दिवशी मेल कर. पेढे आणायला जायच्या आधी.

ती म्हणाली, "आणि दादा, ऑफर गेली आणि व्हिसाही नाही आला तर?"

अर्जुनाचाच प्रश्न! शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

मी म्हटलं, "तर वाईट वाटेल. घरी बसावं लागेल, काकांना त्रास होईल, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करावा लागेल. पण तू विरून जाणार नाहीस." यापलीकडे मला सांगता आलं नाही. भगवंतांचं उत्तरही मला एवढंच समजलंय. ते त्रास होणार नाही असं म्हणत नाहीत. नाश होणार नाही असं म्हणतात.

"बघते," म्हणाली. तिने काय ठरवलं ते मला अजून कळलेलं नाही. काहीही ठरवलं तरी ती माझी बहीणच आहे.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता याच मधल्या जागेत असतील. परीक्षा संपलीय, निकाल नाही. निकाल आहे, पुढचं नाही. हा महिना कुणाचाच नाही असं वाटत असेल तर आजीचं म्हणणं आठवा, जे कुणाचंच नसतं ते देवाचं असतं. वाया चाललाय असं समजू नका. पुढच्या डिग्रीत तुमच्याबरोबर कोण जाणार, ते याच दिवसांत ठरतंय.

आजचा संकल्प: अधिक महिना संपायच्या आत, आपण धरून ठेवलेली आणि आता गरज नसलेली एक जागा, एक 'हो', एक 'बघू' शोधायचा. आणि एक मेल किंवा एक फोन करून तो मोकळा करायचा. चहा सोडलात तरी चालेल, पण हे आधी.

उद्या श्लोक ४१ पासून पुढे, योगभ्रष्टाचा पुढचा जन्म.

राम कृष्ण हरी.